मदत हवी आहे : सॅटेलाव्ह्यूचा मेमरी पॅक खेळ सुरू न करता कसा वाचावा?

नमस्कार. नोकरीनिमित्त मी काही वर्षे ओसाकात राहतो. गेल्या महिन्यात देनदेन टाऊनमधील जुन्या खेळांच्या एका दुकानात मला निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या खेळयंत्राचे सॅटेलाव्ह्यू हे जोडयंत्र, मेमरी पॅक ज्याच्या खाचेत बसतो ते बीएस-एक्स कार्ट्रिज आणि एक मेमरी पॅक असा संच मिळाला. पॅकच्या लेबलवर पेन्सिलीने जपानी कताकाना लिपीत ‘झेरुदा’ (म्हणजे निन्टेन्डोची ‘झेल्डा’ ही खेळमालिका) असे लिहिलेले आहे. त्याखाली पूर्वी काहीतरी वेगळे लिहून खोडरबराने पुसल्याचे दिवा तिरका धरला की दिसते, पण अक्षरे काही केल्या लागत नाहीत. हा पॅक मी अद्याप एकदाही यंत्रात घातलेला नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॅटेलाव्ह्यूवर उपग्रहाद्वारे खेळ पाठवण्याची सेवा निन्टेन्डोने सेंट गिगा या उपग्रह रेडिओ कंपनीच्या साहाय्याने २३ एप्रिल १९९५ रोजी जपानमध्ये सुरू केली आणि तिचे प्रक्षेपण ३० जून २००० रोजी थांबले. सॅटेलाव्ह्यू सुपर फॅमिकॉमच्या खाली बसतो, उपग्रहाच्या ट्यूनरमधून ठरलेल्या वेळी येणारा खेळ घेतो आणि ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट क्षमतेच्या फ्लॅश पॅकवर उतरवून ठेवतो. ही वाहतूक एकतर्फी असल्यामुळे याला ऑनलाइन म्हणूच नये, असे काहींचे मत आहे आणि ते चुकीचे नाही. त्याच सुमारास अमेरिकेत एक्सबँड या सेवेचा सेकंदाला २४०० बिट्सचा मोडेम दोन घरांतील खेळाडूंना टेलिफोनच्या तारेने खरोखर समोरासमोर आणत होता. मात्र सॅटेलाव्ह्यूवरील ‘साउंडलिंक’ हा प्रकार मला त्याहून विलक्षण वाटतो. ऑगस्ट १९९५ मध्ये झेल्डाचा जो खेळ भागाभागाने प्रक्षेपित झाला, त्यात निवेदकांचे आवाज आणि संगीत त्याच तासाला रेडिओवरून येत असे. ते पॅकमध्ये कधी साठवलेच गेले नाही, त्यामुळे श्रोत्यांनी घरी टेपवर जे टिपून ठेवले तेवढेच आज ऐकायला मिळते.

आता माझी अडचण. सॅटेलाव्ह्यूवरील काही खेळ मोजक्याच वेळा सुरू करता येत असत. किती वेळा उरल्या याची नोंद पॅकमध्येच, खेळाच्या शीर्षनोंदीत असते आणि प्रत्येक वेळी खेळ सुरू केला की तेथील एक बिट १ चा ० होतो. फ्लॅशमध्ये तो ब्लॉक पूर्ण पुसल्याशिवाय ० चा पुन्हा १ होत नाही. (कल्पना नवी नव्हती. १९८३ मध्ये अटारी २६०० या खेळयंत्रासाठी निघालेल्या गेमलाइन सेवेतही टेलिफोनवरून उतरवलेला खेळ काही डावांनंतर संपत असे.) त्यामुळे ‘एकदा लावून तर पाहू’ असे करणे मला परवडणारे नाही. शिवाय खेळ खोडला तरी त्याचा मूळ डेटा वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पॅकमध्ये पडून राहू शकतो, आणि लेबलवरची खाडाखोड पाहता मला वरच्या झेल्डापेक्षा त्याच्या आधीच्या अवशेषांचेच जास्त कुतूहल आहे. म्हणून केवळ दिसणारी फाइल नव्हे, तर संपूर्ण १ मेगाबाइट जसाच्या तसा संगणकावर उतरवून घ्यायचा आहे.

आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डवर बांधलेल्या, खुल्या आराखड्याच्या कार्ट्रिज रीडरने हे काम होते असे वाचले आहे. कोणी स्वतः तसे केले असल्यास कृपया सांगावे : पॅक बीएस-एक्स कार्ट्रिजच्या खाचेत बसवूनच वाचावा लागतो का? नुसते वाचताना चुकून लिहिण्याची किंवा पुसण्याची आज्ञा जाऊ नये म्हणून रीडरच्या प्रोग्रॅममधून तो भाग काढून टाकणे शहाणपणाचे ठरेल का? संपर्कपट्ट्या थोड्या काळवंडल्या आहेत. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, की पहिले वाचन आहे त्या स्थितीत करून पाहावे? जुन्या फ्लॅशमधील विद्युतभार हळूहळू गळत असल्याने लागोपाठच्या दोन वाचनांत फरक आढळला, तर कोणते खरे मानायचे, हाही प्रश्न आहे.

दिवाळीत मी पुण्याला येणार आहे. तेथे कोणाकडे असा रीडर असेल आणि माझ्यासमोर वाचून देण्याची तयारी असेल, तर पॅक हातातल्या सामानात घालून आणतो.