मदत हवी आहे : रात्रीत हवा उतरते आणि मागचे एक चाक तापते, दोष एकच की दोन?

नमस्कार. आमची दहाचाकी मालवाहू गाडी सोलापुरातून चालते. जाताना साखर किंवा सिमेंट आणि येताना बहुधा लातूरकडची सोयाबीन पेंड असते. ब्रेक पूर्णपणे हवेवरचे, मागे स्प्रिंगचे चेंबर (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारे डबे, ज्यांत हँडब्रेकसाठी स्प्रिंगही असते) आणि स्लॅक ॲडजस्टर (चेंबर व ब्रेक यांमधला, ब्रेकची ढिलाई काढणारा दांडा) हाताने आवळायचे. संध्याकाळी हँडब्रेक ओढून गाडी उभी केली की सकाळी गेजचे काटे ८ बारवरून बरेच खाली आलेले असतात आणि कमी दाबाचा बझर थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवून वाट पाहावी लागते. दुसरी तक्रार अशी, की भरलेली गाडी तुळजापूरचा घाट उतरून खाली आली की मागचे एक डावे चाक इतके तापलेले असते, की ड्रमवर पडलेला पाण्याचा थेंब चर्र करून उडून जातो. बाकीची चाके मात्र जेमतेम कोमट असतात. चालक एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावून खालच्या गिअरमध्येच उतरतो, तेव्हा पॅडलवर सतत पाय ठेवल्याने हे होत असावे असे वाटत नाही.

एक मेस्त्री मागचे सगळे चेंबर बदलायला सांगतात, तर दुसरे म्हणतात की तापणाऱ्या चाकाचा ॲडजस्टर थोडा सैल करा, पुरे. पहिला सल्ला खर्चिक आहे आणि दुसरा मला फारच सोपा वाटतो. सुटे भाग घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

हे दोन वेगळे दोष असावेत. हँडब्रेक ओढल्यावर चेंबरच्या स्प्रिंगकडील भागातली हवा बाहेर सोडली जाते आणि स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक लागलेला राहतो. पॅडलवर पाय नसल्याने दुसरा भागही रिकामाच असतो. रात्री ज्या चेंबरमध्ये हवाच नाही, त्यातून ती गळणार कशी? तेव्हा शोध टाकीच्या बाजूने सुरू करावा. हवा पूर्ण भरून इंजिन बंद करावे आणि टाक्यांचे ड्रेन व्हॉल्व्ह, नायलॉन पाइपांचे जोड, फूट व्हॉल्व्हचे (ब्रेक पॅडलच्या व्हॉल्व्हचे) खालचे तोंड व एअर ड्रायरचे (हवेतला ओलावा काढणाऱ्या भागाचे) छिद्र यांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. सुरुवातीला दोन्ही काटे सोबत उतरतील, कारण प्रोटेक्शन व्हॉल्व्ह ठरावीक दाबाखाली गेल्यावरच सर्किटे (ब्रेकच्या हवेचे स्वतंत्र मार्ग) वेगळी करतो; त्यानंतर जो काटा उतरतच राहील, त्या बाजूला गळती आहे.

ॲडजस्टर सैल करण्याचा सल्ला मात्र मोजमाप केल्याशिवाय मुळीच मानू नये. तापणारे चाक बिघडलेले आहे असे आपण धरून चालतो, पण अनेकदा तेच एकटे काम करत असते आणि थंड चाकांचे ब्रेक लागतच नसतात! सपाट जागी चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडावा, प्रत्येक चेंबरच्या पुश रॉडवर (ॲडजस्टरला ढकलणाऱ्या दांड्यावर) खडूची खूण करावी आणि सुमारे ६ बार दाबावर पॅडल पूर्ण दाबून रॉड किती बाहेर येतो ते मोजावे. साध्या स्ट्रोकच्या ३० नंबरच्या चेंबरला ५१ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा आहे, आणि एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या असाव्यात. थंड चाकांचे रॉड मर्यादेजवळ जात असतील, तर त्यांचेच ब्रेक ढिले आहेत आणि आवळायचे आहेत ते त्यांचे ॲडजस्टर.

सगळी मापे ठीक आली, तर ते चाक जॅकवर उचलून, टाकीत पुरेशी हवा ठेवून आणि हँडब्रेक सोडून हाताने फिरवावे. घासत फिरले तर ब्रेक शूची रिटर्न स्प्रिंग ढिली झाली आहे का आणि एस कॅमचा (ब्रेक शू फाकवणाऱ्या कॅमचा) शाफ्ट बुशमध्ये अडकतो का, हे पाहावे. स्प्रिंग चेंबरचा क्लॅम्प मात्र कोणालाही उघडू देऊ नका. आत दाबून बसवलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच दगावतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. साबणाचे पाणी लावल्यावर मागच्या टाकीच्या ड्रेन व्हॉल्व्हवर बारीक फेस सतत येताना दिसला; तो उघडल्यावर आतून तेलकट पाणीही निघाले. पुश रॉडची मापे घेतली असता तापणाऱ्या चाकाचा रॉड ३५ मिलिमीटर आणि त्याच ॲक्सलच्या उजव्या चाकाचा जवळजवळ ५० मिलिमीटर बाहेर येतो, म्हणजे उजवी बाजू आवळावी लागणार. टाकीत तेल येते याचा अर्थ कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या असा घ्यावा, की आधी ड्रायरचे काडतूस बदलून पाहावे?