शब्दचर्चा : ‘पत’ की ‘विश्वासार्हता’?

शहापूर, बेळगाव : उद्यमबागेतल्या कारखानदारांसमोर इक्विटी क्राउडफंडिंगवर, म्हणजे इंटरनेटवरून पुष्कळ लोकांना कंपनीचे थोडे थोडे भाग विकून भांडवल उभं करण्यावर, मराठीत बोलायचंय. नवी कंपनी अनोळखी गुंतवणूकदारांना ‘क्रेडिबिलिटी’चे ‘सिग्नल’ देते, त्याला काय म्हणावं? ‘विश्वासार्हतेचे संकेत’ लिहिलं, पण ते हवामान खात्याचं वाटतं.

निपाणी : ‘पत’ म्हणा की! बाजारात पत असली की उधारी मिळते, एवढं सगळ्यांना कळतं. शिवाय सीमेवर हा शब्द दोन्हीकडचा. आपली पतसंस्था, तर कानडी पाटीवर ‘पत्तिन सहकारी संघ’. आणि क्राउडफंडिंगला ‘लोकवर्गणी’ करू नका. गणपतीची वर्गणी परत मागत नाहीत, इथं कंपनीत भाग मिळतो.

खानापूर : पत वर्षानुवर्षं व्यवहार करून येते. काल उघडलेल्या कंपनीला कुठली पत? म्हणून तर सिग्नल लागतो. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्सनं 1973 मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल हेच मांडलं: खरी खूण ती, जी लबाडाला परवडत नाही. आमचे मामा भिशी चालवायचे आणि स्वतःचा नंबर कायम शेवटी ठेवायचे. कुणी नवा भिशी काढतो म्हणाला की विचारायचे, “सगळं बोलूलालायस, पण तुझा नंबर कितवा?” मी ‘पदरमोड’ सुचवतो.

शहापूर : मामांचं बरोबर निघालं! ऑस्ट्रेलियातल्या एका क्राउडफंडिंग मंचावरच्या कंपन्यांचा 2015 चा प्रसिद्ध अभ्यास आहे. संस्थापकांनी मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवला आणि जोखीम तपशिलात सांगितली, तर पैसे उभे राहण्याची शक्यता बरीच वाढली. पेटंट आणि ओळखीपाळखी यांचा मात्र फारसा उपयोग दिसला नाही.

निपाणी : मग ‘पदरमोड’ बसत नाही. पदरमोडीत पैसा खर्च होऊन जातो. इथं तो अडकून राहतो. ‘स्वतःचं अडकवणं’ सरळ आहे. जोखीम सांगण्याला तर जनावरांच्या बाजारातला शब्द घ्या: बैलाची खोड आधी सांगणं. मारका आहे म्हणून आधीच सांगणाऱ्याच्या दावणीला गिऱ्हाईक पुन्हा येतं.

खानापूर : ‘खोड सांगणं’ झकास. पेटंट, बक्षिसं यांना ‘दाखले’ म्हणा, म्हणजे फरक आपोआप कळेल. आणि भाषणात एक सांगाच: आपल्याकडे खासगी कंपनीला असं चारचौघांत भाग विकता येत नाहीत. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 42 जाहिरातीला मनाई करतं, आणि वर्षाला साधारण 200 जणांची मर्यादा आहे. नाहीतर कुणीतरी घरी जाऊन दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर शेअर विकायला काढेल.

शहापूर : सांगतो. मथळा ‘पतखूण’ करू?

निपाणी : चालेल. फक्त फोड करून ‘पतीची खूण’ लिहू नका, लोक मंगळसूत्र समजतील.