जुन्या खरेदीखतातलं ‘इंडेंचर’ म्हणजे नक्की काय?

गिरगावकर_४
मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स: बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावे करून घेणं) सोसायटीच्या जुन्या कागदांचा मराठी तर्जुमा चाललाय. मूळ दस्त ‘धिस इंडेंचर मेड ॲट बॉम्बे’ असा सुरू होतो. अर्ध्या पानानंतर मध्येच एकटा शब्द, ‘विटनेसेथ’. इंडेंचरला ‘करारनामा’ म्हटलं तर चालेल का? आणि हा शब्द आला कुठून?

दातेरी
‘इंडेंचर’ म्हणजे दाते पाडलेला: लॅटिनमध्ये ‘डेन्स’ म्हणजे दात. आपल्या ‘दंता’चा सख्खा चुलतभाऊ.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कातड्याच्या एकाच तुकड्यावर मजकूर दोनदा लिहीत, मधे पट्टी सोडत आणि तिच्यात ‘किरोग्राफुम’ (हस्तलेख) यासारखा शब्द मोठ्या अक्षरांत काढत. मग त्या शब्दावरूनच नागमोडी किंवा करवतीसारखी कात्री चालवायची. एक तुकडा देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. तंटा झाला की दोन्ही शेजारी ठेवायचे: दाते दात्यांत बसले आणि चिरलेली अक्षरं पुरी झाली तर दस्त खरा. शब्दावरून कापण्यात खरी मेख आहे. नुसती कड कुणीही अंदाजाने कापेल, पण समोरचा तुकडा हाताशी नसताना त्याची अर्धी अक्षरं जुळवणार कशी? भूगोलात कोकणचा किनारा ‘दंतुर’ असतो, तशी ही कड.

११९५ पासून राजाच्या न्यायालयात जमिनीच्या तडजोडीची तिसरी प्रतही त्याच कातड्याच्या पायथ्याशी लिहून दप्तरी ठेवू लागले. एकट्यानेच करून दिलेल्या दस्ताची कड मात्र सरळ. तो ‘डीड पोल’. इथे पोल म्हणजे भादरलेला.

पुढे दाते नावापुरतेच उरले. १८४५ च्या इंग्लंडच्या कायद्याने तर दाते नसले तरी इंडेंचर ग्राह्य ठरवलं. तेव्हा तुमच्या दस्ताची कड सरळ असेल तर शंका नको.

मुद्रांकित
‘करारनामा’ अजिबात लिहू नका. इंडेंचर हे दस्ताच्या घडणीचं नाव आहे, व्यवहाराचं नाही. पुढचा शब्द बघा: ‘ऑफ कन्व्हेयन्स’ असेल तर खरेदीखत किंवा अभिहस्तांतरणपत्र, ‘ऑफ मॉर्टगेज’ असेल तर गहाणखत, ‘ऑफ लीज’ असेल तर भाडेपट्टा. पुढे काहीच नसेल तर ‘हा दस्त’ म्हणा आणि व्यवहार आतल्या कलमांवरून ठरवा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५४ सांगतं की विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. खरेदीखताला करारनामा म्हटलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल मालकी अजून आलेलीच नाही.

‘विटनेसेथ’ म्हणजे साक्षीदार नव्हे, ही चूक फार होते. शेवटचं ‘एथ’ हा जुना क्रियापदाचा प्रत्यय. कर्ता वर अर्ध्या पानामागे राहिलाय: ‘धिस इंडेंचर’. मधल्या पक्षकारांची नावं आणि ‘व्हेअरॲज’ची (‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी) पूर्वपीठिका ओलांडून वाक्य जोडा: ‘हा दस्त साक्ष देतो की…’

दातेरी
सरकारी कचेरीत सामान मागवायला ‘इंडेंट’ काढतात आणि परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवतात, ते दोन्ही याच घरातले. गॅरेजमधल्या डेंटिंग-पेंटिंगचा ‘डेंट’ मात्र परका: तो ‘डिंट’ म्हणजे तडाखा यावरून आला, दातावरून नाही.

गिरगावकर_४
आणि ब्रिटिश वसाहतींत कराराने नेलेले गिरमिटिया? ते मजूर ‘इंडेंचर्ड’ होते ना?

मुद्रांकित
होते, पण ‘गिरमिट’ हा ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश. सुताराचं गिरमिट आणखी वेगळं.