उजनीसाठी बोट: तळ आधी बघा

पोरांसह चौघांनी उजनी धरणावर गळानं मासे धरायला कुठली बोट घ्यावी, या प्रश्नावर कुणीतरी 12 फुटी सपाट तळाची बोट सुचवलीय. काठाकाठानं चिलापीला गळ टाकायचा तर झकास, उथळ पाण्यातही चालते. पण उजनीवर वारा सुटला की सपाट तळ लाटेवर थाडथाड आपटतो, पुढे बसलेली पोरं चिंब. चौघांसाठी 14-15 फूट आणि पुढून व्ही आकाराचा तळ घ्या. बोटीवरच्या पाटीवर लिहिलेल्या एकूण वजनाच्या क्षमतेत माणसंच नाही, इंजिन, पेट्रोल, बॅटरी, बर्फाची पेटीही धरायची. गणित इथेच चुकतं. डेक खरखरीत हवा, गळांना झाकणाचा कप्पा हवा (अनवाणी पाय!). लाइफ जॅकेट पोरांच्या वजनाप्रमाणे. पुण्याहून ट्रेलरवर नेताना पाणी निघून जायला काढलेलं तळाचं बूच बोट पाण्यात उतरवण्याआधी लावा. हे हमखास विसरतं.