मदत हवी आहे : इस्ट्रोजेन पोचतंय, पण किसपेप्टिन पेशी (मेंदूतल्या, प्रजननाची संप्रेरकं चालू करणाऱ्या) जाग्या होत नाहीत

खारघरच्या लॅबमध्ये मादी उंदरांवर एलएच सर्जचं (अंडं सुटण्याआधी एलएच संप्रेरकाची जी उसळी येते तिचं) मॉडेल बसवतोय. अंडाशय काढून त्याच वेळी त्वचेखाली इस्ट्राडायोलची (मुख्य इस्ट्रोजेनची) कॅप्सूल, सहाव्या दिवशी सकाळी 9 ला 20 ग्रॅम वजनाला 1 मायक्रोग्रॅम इस्ट्राडायोल बेन्झोएट, सातव्या दिवशी संध्याकाळी 6 ला परफ्युजन (मेंदू तपासणीसाठी जतन करायला रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडणं). उजेड 12 तास, दिवे 7 ला बंद.

मेंदूच्या आर्क्युएट भागातलं किस1 (किसपेप्टिनचं जनुक) व्यवस्थित दबतंय, म्हणजे ऋण फीडबॅक (इस्ट्रोजेननं लगाम घालणं) चालू आहे. गर्भाशयं फुगलेली, पाणी भरलेली. एव्हीपीव्हीत (सर्ज सुरू करणाऱ्या मेंदूच्या भागात) किसपेप्टिनही वाढलेलं दिसतं, पण त्या पेशींच्या केंद्रकात सी-फॉस (पेशी जागी झाल्याची खूण असलेलं प्रथिन) जवळजवळ शून्य! एलएच सोडायला लावणाऱ्या जीएनआरएच पेशीही कोऱ्याच. त्यांच्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फा नसतो, त्यामुळे अडचण एव्हीपीव्हीतच असणार.

सी-फॉस दाखवणारी अँटिबॉडी दोषी नाही, त्याच स्लाइडवर कॉर्टेक्समध्ये सी-फॉस स्वच्छ उठतो. खाद्य सोयाविरहित, म्हणजे सोयातल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांचा अडथळा नाही. एकच शंका छळतेय : दाराच्या फटीतून रात्री पॅसेजच्या ट्यूबलाइटची बोटभर रेघ पिंजऱ्यांवर पडते; त्यानं सर्जची वेळ ठरवणारं शरीराचं घड्याळ बिघडत असेल का?

पुढच्या खेपेला आठच माद्या आहेत, त्यामुळे एकच बदल परवडेल. आधी फट बुजवून दोन आठवडे थांबू, की परफ्युजन 7:30 वर नेऊ?