व्हॉट्सॲप ग्रुपवर आंदोलन उभं राहतं का?

बांधावरचा: आमच्याकडं काही प्रश्न निघाला की पोरं पहिला ग्रुप काढतात, डीपी ठरवतात आणि आठवड्यात तिथं गुड मॉर्निंग सुरू होतं. माझं मत स्पष्ट आहे, फोननं गर्दी जमते, संघटना होत नाही. 2018 चा किसान लाँग मार्च बघा, 6 मार्चला नाशिकहून निघाले, 12 ला आझाद मैदानात, जवळपास 180 किलोमीटर पायी. किसान सभेनं वनजमिनीच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं पाड्यापाड्यांवर बैठका घेतल्या म्हणून माणसं घरचं धान्य बांधून आली. आणि शेवटच्या रात्री, दहावीच्या पोरांना पेपरला जाताना अडचण नको म्हणून, पाय फोडांनी भरलेले असताना सोमय्या मैदानावरून उठून रातोरात पुढं चालत गेली. ही शिस्त ग्रुपवर येत नाही.

मराठवाड्याची लेक: येत नाही कशी दादा? कोपर्डीत मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर 9 ऑगस्ट 2016 ला औरंगाबादला मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला, घोषणा नाही, पुढाऱ्यांची भाषणं नाहीत, निवेदन मुलींनी दिलं, मागं कचरा उचलायला स्वयंसेवक. या सूचना घराघरात पोचल्या त्या फोनवरूनच. आणि खरं सांगू का, पारावरच्या बैठकीला आम्हा बायकांना बोलवतं कोण? आम्हाला निरोप मिळतो तो ग्रुपमुळंच.

बांधावरचा: ताई, बायकांचं एकदम बरोबर. पण त्या मोर्च्यांसाठीही तालुक्या-तालुक्यात बैठका झाल्याच की.

साक्रीकर: बैठक असो नसो, फोनवर आलेलं खरं मानायची सवय जीवघेणी आहे. आमच्या तालुक्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला, पोरं पळवणारी टोळी फिरतेय या अफवेपायी भिक्षा मागायला आलेली डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठार मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, पण गेलेले जीव गेले. ज्या ॲडमिनला आलेला मेसेज तपासून बघायची तसदी नको, त्यानं आंदोलनाच्या गप्पा मारू नयेत.

नगरी: साक्रीकर, तपासायलाच हवं, पण फोनचा धाक पुढाऱ्यांवरही बसतो हे विसरू नका. 2017 चा शेतकरी संप पुणतांब्याच्या ग्रामसभेतून उभा राहिला, 1 जूनला सुरू झाला, आणि 3 तारखेच्या पहाटे मुख्यमंत्र्यांना भेटून काही जणांनी संप मागं घेतल्याचं जाहीर केलं. लोकांनी ते मानलंच नाही, संप चालू ठेवला, आणि त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. बंद खोलीतला समझोता सकाळपर्यंत सगळ्यांच्या हातात पडतो, ही ताकद पूर्वी आपल्याकडं नव्हती.

बांधावरचा: पण दूध आणि भाजी रोखून धरायची, रोजचं नुकसान सोसायचं, हे ग्रामसभेत एकमेकांच्या तोंडावर कबूल केलं म्हणून निभलं. ग्रुपवर होकाराचा अंगठा टाकणारा दुसऱ्या दिवशी गुपचूप डेअरीला दूध घालतो.

मराठवाड्याची लेक: मग बैठक दिवसाउजेडी ठेवा, निरोप ग्रुपवर टाका, आणि बायकांना कोपऱ्यात न बसवता बोलू द्या. कोण शब्द पाळतं ते आम्हीच सांगू, दूध आम्हीच काढतो.