खेळण्यांकडे ढुंकूनही न बघणारी भुभू: काय करावं?

झिपरी

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी आम्ही चिंगीला दत्तक घेतलं. व्हेटनी दात बघून वय दोन-अडीच वर्षं सांगितलं. गुणी आहे, खाते-पिते व्यवस्थित, पट्टा हातात घेतला की दारात उड्या मारते. पण खेळणं म्हणजे काय हे तिला माहीतच नाही असं वाटतं.

चेंडू टाकला की तो कुठे गेला ते बघते, मग माझ्या तोंडाकडे बघते, आणि बसून राहते. दोरी पुढे केली तर मान वळवते. दाबलं की पीं पीं वाजणारं बदक आणलं, तर पहिल्याच आवाजाला उठून दुसऱ्या खोलीत गेली. टोपलीभर खेळणी तशीच पडून आहेत. ओळखीतल्या सगळ्यांची भुभू चेंडू घेऊन मागे लागतात. ही कंटाळत तर नसेल ना, काही कमी तर पडत नाही ना, या विचाराने जीव खालीवर होतो. कोणतं खेळणं आणू? की नाद सोडून देऊ?

चारपावलं

आधी एक सांगा. ती पहिल्यापासून अशी आहे, की आधी खेळायची आणि आता बंद झालं? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आमचा बंड्या नऊ वर्षांचा असताना चेंडू आणायचा थांबला. आम्ही म्हटलं वय झालं. दोन महिने असेच गेले. मग एकदा जांभई देताना दिसलं, वरच्या जबड्यातल्या मागच्या मोठ्या दाताचा कपचा उडालेला. कडक हाड चघळून चिरला होता. दात काढला आणि दोन आठवड्यांत स्वारी चेंडू तोंडात घेऊन माझ्या पायाशी उभी. ते दोन महिने तो दुखणं सोसत होता, हे मला अजून लागतं.

त्यामुळे खेळ अचानक थांबला असेल तर आधी व्हेट. दात, सांधे, नजर, थायरॉईड, गोचिडांमुळे येणारा ताप, यातलं काहीही असू शकतं. आणि कोणतंही चघळायचं खेळणं घेताना त्यात नख रुतवून बघा. जराही रुतत नसेल तर ते दातांसाठी फार कडक आहे.

झिपरी

पहिल्यापासूनच अशी आहे. आणल्यावर पूर्ण तपासणी झाली, दात आणि सांधे ठीक आहेत. बंड्याचं वाचून वाईट वाटलं.

रानवारा

मग काळजीचं कारण दिसत नाही. जरा सविस्तर लिहितो.

कुत्र्याचा खेळ म्हणजे बहुतांशी शिकारीचे तुकडे. वास काढणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, तोंडात पकडणं, झटकणं, फाडणं, खाणं. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी कुत्री निवडून वाढवली, तेव्हा यातले काही तुकडे ठळक झाले आणि काही पुसट. बॉर्डर कोलीला नजर आणि पाठलाग. लॅब्रडॉरला तोंडात धरून आणून देणं. टेरियरला पकडून झटकणं. बीगलला वास. आणि कळपाची राखण करणाऱ्या जातींमध्ये तर हा शिकारीचा भाग मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण मेंढीमागे धावणारा राखणदार काय कामाचा? त्यातली कित्येक कुत्री आयुष्यभर चेंडूला तोंड लावत नाहीत आणि मजेत असतात.

चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला १०२२ वस्तूंची नावं शिकवली होती, त्यात बहुतेक खेळणीच. असं काही ऐकलं की आपली भुभू मागे आहे असं वाटतं. तसं नसतं. तिचा तुकडा वेगळा असतो.

म्हणून "कोणतं खेळणं आणू" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आठवडाभर नुसतं बघा. फिरताना ती कशात रमते? खारीमागे झेपावते? एकाच झुडपाशी नाक खुपसून उभी राहते? घरात पुठ्ठा, कागद फाडते? उत्तर तिथे आहे.

काजवा

रानवारा यांना अनुमोदन. एक भर घालते.

मोठेपणी घरात आलेल्या भुभूंना बऱ्याचदा वस्तू तोंडात धरायचीच भीती असते. आधीच्या आयुष्यात काही उचललं म्हणून ओरडा किंवा मार बसलेला असू शकतो. आणि पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपलंसं वाटतं. त्या काळात खेळणं दिसलंच नसेल तर मोठेपणी ते बदक म्हणजे निव्वळ एक किंचाळणारी वस्तू.

आमच्या सोनीला आणलं तेव्हा ती जमिनीवर पडलेला मोजासुद्धा वळसा घालून जायची. मी वर्षभर काहीही आग्रह केला नाही. ती नुसती एखादी वस्तू हुंगायला गेली तरी हळूच "शाब्बास" म्हणायचे, बस. बदक सध्या कपाटात ठेवा. तोंडापुढे खेळणं नाचवू नका, तिला ते अंगावर आल्यासारखं वाटतं.

निवांत

छोटी गोष्ट: चेंडू लाल आहे का? कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल त्यांना मळकट तपकिरी दिसतो. गवतावर लाल चेंडू थांबला की डोळ्यांना सापडत नाही.

झिपरी

चेंडू लालच आहे!

आणि रानवारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता येईल: नाक. फिरताना एकेका खांबापाशी इतकी रेंगाळते की मी पट्टा ओढून पुढे नेते.

रानवारा

ओढू नका, तोच तिचा खेळ आहे! दिवसातली एक फेरी पूर्ण तिच्या मर्जीने होऊ द्या. वीस मिनिटांत दहा पावलं झाली तरी चालेल.

घरात असं करा. जुना टॉवेल जमिनीवर पसरा, रोजच्या खाण्यातलेच मूठभर दाणे त्यावर टाका, सैल गुंडाळी करा आणि बाजूला व्हा. पहिल्यांदा अर्धे दाणे उघड्यावर दिसू द्यात. जमायला लागलं की गुंडाळी घट्ट करा, मग टॉवेल खोक्यात ठेवा, मग खोकं दाराआड. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वासाने खाऊ शोधायचा सराव दिला होता आणि काहींना मालकाच्या पायाशी चालायचा. मग खाऊ असेल की नसेल हे सांगता येणार नाही अशी वाटी समोर ठेवली. वास घेणारी कुत्री तिच्याकडे पहिल्यापेक्षा लवकर जायला लागली, दुसऱ्या गटात तसा बदल दिसला नाही. म्हणजे नाक चाललं की कुत्रं आशेने बघायला लागतं. मला हे फार आवडलं होतं, म्हणून लक्षात राहिलंय.

चारपावलं

पाठलागही एकदा करून बघा. लांब काठीला दोरी, टोकाला कापडाची चिंधी. जमिनीलगत, तिच्यापासून *दूर* सरपटत न्या, मध्येच थांबवा, पुन्हा हलवा. भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या तोंडावर धावून येत नाही, हे आपण विसरतो. उड्या मारायला लावू नका, सांध्यांना त्रास होतो. अर्धा मिनिट पुरे. तिला अजून हवं असतानाच थांबायचं. आणि टोपली रिकामी करा. कायम डोळ्यांसमोर पडलेल्या खेळण्याचा कुत्र्याला लवकर वीट येतो. दोनच बाहेर ठेवा, आठवड्याने बदला.

काजवा

मी काठीची घाई करणार नाही. चिंगी आवाजाला घाबरते, काठीलाही घाबरेल. आधी टॉवेल.

झिपरी

तीन आठवड्यांनी लिहितेय.

पहिले दोन दिवस टॉवेलभोवती फेऱ्या मारल्या, मान लांब करून हुंगलं, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत. तिसऱ्या दिवशी नाकाने एक घडी उलटली. दाणा मिळाला. मग मी काय ऐकलं सांगू, फुस् फुस् फुस् असा श्वासाचा आवाज, सगळी खोली शांत आणि तेवढाच आवाज. शेवटचा दाणा संपल्यावर टॉवेलवरच पाय पसरून झोपली. फिरून आल्यावरही ती इतकी गाढ झोपत नाही.

काजवा, तुमचं बरोबर निघालं. काठी बघून ती सरळ टेबलाखाली गेली, मी ती ठेवून दिली. चेंडूला अजून हात, म्हणजे तोंड, लावलेलं नाही. आता त्याचं काही वाटत नाही. परवा मात्र खोक्यातले दाणे संपल्यावर तिने खोक्याचा कोपरा दातात धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी "शाब्बास" म्हटलं. तिने टर्रकन एक पट्टी फाडली, टाकली, पुन्हा माझ्याकडे बघितलं. अख्खं खोकं संपेपर्यंत हेच. मी तिथेच जमिनीवर बसून होते, डोळ्यांत पाणी आलं.

आता एकच विचारते. पुठ्ठा फाडू दिला तर चालतो ना?

चारपावलं

चालतो. चिकटपट्टी, पिना आधी काढा आणि समोर बसून राहा. तुकडे थुंकतेय तोवर ठीक, गिळायला लागली तर थांबवा. दोरीचे धागे, फाटलेल्या खेळण्यातली शिट्टी यांच्याबाबत मात्र एकदाही ढिलाई नको. धागा गिळला तर आतडी गोळा होतात आणि ऑपरेशनची वेळ येते.

काजवा

तिने फाडायच्या आधी तुमच्याकडे बघून विचारलं, तुम्ही हो म्हणालात. झिपरी, मी हे सोनीच्या शेजारी बसून वाचतेय. उद्या एक मोठं खोकं द्या तिला.